काचेची स्लाइड इलेक्ट्रिक गिटारवर: बरेच महिने वापरल्यावर

स्लाइड म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी. माझी दिवाळीत घेतली, आता पावसाळा लागला, वाजवणं जवळपास रोजचं आहे म्हणून लिहितोय. जाड काचेचीच घ्या. हलकी असली की तारेवर बसत नाही, मग हात आपोआप दाबतो आणि तार फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पत्तीवर) खडखडते. पितळीपण आहे माझ्याकडे, तिचा आवाज टोकदार, पण गेन (अ‍ॅम्पवर आवाज फाटका करणारी वाढ) वाढवला की घासल्याचा खरखराटही तेवढाच वाढतो. मला काचच गोड वाटते. मी करंगळीत घालतो म्हणजे बाकीची बोटं कॉर्डला मोकळी, अमेरिकन स्लाइडवादक ड्युएन ऑलमन अनामिकेत औषधाची बाटली घालायचा, तेही चालतं.

खरा खेळ म्युटिंगचा, म्हणजे नको ते आवाज गप्प करण्याचा आहे भो. स्लाइडच्या मागे, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूला, पहिलं बोट तारांवर नुसतं टेकवून ठेवायचं, नाहीतर मागचा तारेचा तुकडा थरथरत राहतो आणि त्याची कुरकुर नोटेत मिसळते. उजव्या हाताने पण नको त्या तारा धरून ठेवायच्या, पिक सोडून बोटांनी वाजवायला लागलो ते याचसाठी.

सूर फ्रेटच्या पत्तीच्या बरोबर वर असतो, बोटाने आपण पत्तीच्या अलीकडे दाबतो ती सवय इथे सूर उतरवते. मी मोबाईलवर तानपुरा लावून एकच स्वर घासत बसतो, आणि मींड आपल्या कानात लहानपणापासून आहेच की! ब्रिजभूषण काब्रांनी गिटार आडवी ठेवून राग वाजवले, मोहनवीणावाल्या (गिटारवरूनच बनवलेलं वाद्य) विश्वमोहन भट्टांना १९९४ ला ग्रॅमी मिळालं, त्यांना ऐका, सुराला खालून येऊन कसं भेटायचं ते तिथे कळतं.

सेटअपमधे सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ते तुकडे) थोडे उचलून घेतले आणि अकराच्या (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच) तारा टाकल्या. ओपन ई ला (मोकळ्या तारा छेडल्या की ई मेजर कॉर्ड वाजतो ते ट्युनिंग) तीन तारा वर ताणाव्या लागतात म्हणून मी ओपन डी ठेवतो, पॅटर्न तेच, फक्त सगळं एक स्वर खाली. मे मधे जळगावात पारा ४४-४५ ला गेला की तारा उतरतात, ट्यूनर लावलेलाच ठेवायचा, आणि घामाने स्लाइड निसटते म्हणून आत कापडी पट्टी चिकटवलीय.

एकच गिटार असेल आणि सारखं ट्युनिंग बदलायचं नसेल तर साध्या ट्युनिंगमधेही मधल्या डी, जी, बी तारांवर सरळ स्लाइड ठेवली की मेजर कॉर्ड मिळतो, तिथून सुरू करा.