ढालकिडे म्हणून मी काय विकत घेतलं

गेल्या पावसाळ्यात गच्चीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (मिलीबग) इतका चढला, की कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. काडीने खरवडायचं, साबणाचं पाणी मारायचं, आणि आठ दिवसांनी फांद्या पुन्हा कापूस पिंजून ठेवल्यासारख्या. घरात रांगतं बाळ, त्यामुळे विषारी औषध नको होतं. नेमकी तेव्हाच फोनवर जाहिरात आली: पिठ्या ढेकणावर खास उपाय, जिवंत ढालकिडे (किडी खाणारे लेडीबग), ५० नग, ८५० रुपये, घरपोच.

जाहिरात लिहिणारा हुशार होता. ऑस्ट्रेलियातून नेलेल्या ढालकिड्यांनी १८८८-८९ साली कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा कापसासारख्या खवले किडीपासून कशा वाचवल्या, ती गोष्ट त्यात होती. गोष्ट शंभर टक्के खरी आहे, मी आधी वाचलेली होती. म्हणून तर मी लगेच पैसे पाठवले.

पाच दिवसांनी प्लास्टिकचा डबा आला. झाकणाला सुईने पाडलेली भोकं, आत वांग्याचं एक सुकलेलं पान. (त्या पानावरूनच मला कळायला हवं होतं.) मोजले तर ३१ जिवंत, ९ मेलेले. बाकीचे दहा कुठे, असं विचारल्यावर उत्तर आलं, "प्रवासात उडाले असतील मॅडम." बंद डब्यातून! वर म्हणाला, जितके ठिपके जास्त तितका किडा मुरलेला आणि खादाड. मी भिंग घेऊन बसले. एकेकाच्या पाठीवर २८ ठिपके. मला आनंदच झाला.

सांगितल्याप्रमाणे संध्याकाळी जास्वंदीवर पाणी शिंपडून किडे सोडले. सकाळी जास्वंदीवर एकही नाही, सगळे शेजारच्या वांग्यावर. आठवड्यात वांग्याच्या पानांखाली पिवळ्या, उभ्या अंड्यांचे पुंजके दिसले, तेव्हा मी घरात सगळ्यांना बजावलं, त्या कुंडीला कुणी हात लावायचा नाही. मग काटेरी पिवळ्या अळ्या निघाल्या आणि पानांची जाळी व्हायला लागली. हिरवा भाग खरवडून खाल्लेला, शिरा तेवढ्या उरलेल्या, बाकी तपकिरी कागद. विक्रेत्याला फोन केला. "मावा कीड संपली की पानं चाटतात, चार दिवसांत थांबतील," म्हणाला. चार दिवसांत कारल्याचा वेलही गेला.

माझा मामेभाऊ सासवडजवळ भाजीपाला करतो. त्याला फोटो पाठवला. उलट निरोप आला त्यात आधी अर्धा मिनिट नुसतं हसणं, मग, "अगं ताई, हे आम्ही वांग्यावरून वेचून मारतो. तू पैसे देऊन आणलेस?"

तो होता एपिलॅक्ना भुंगेरा. ढालकिड्यांच्याच कुळातला, पण शाकाहारी. वांगं, बटाटा, कारलं हे त्याचं ताट. पिठ्या ढेकणाशी त्याला देणंघेणं नाही. कुणीतरी वांग्याच्या शेतातून फुकटात वेचून मला विकला होता. ओळखायला ठिपके मोजत बसू नका, उन्हात धरून पाठ बघा. मावा कीड खाणाऱ्या नेहमीच्या ढालकिड्याची पाठ तेल लावल्यासारखी चकाकते; याची मळकट, बारीक लव असलेली. अळीत तर फरक ढळढळीत: नेहमीच्या ढालकिड्याची अळी काळपट, लांबोडकी, अंगावर नारिंगी डाग, इवलीशी सुसरच; याची पिवळी आणि काटेरी. अंडी मात्र दोघांची पिवळी आणि उभीच, त्यावरून काही कळत नाही.

आणि पिठ्या ढेकणासाठी द्राक्षबागांत सोडतात त्या क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याला तर ठिपकेच नसतात! काळसर पंख, नारिंगी डोकं, बस्स. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या झुपक्यांनी झाकलेली, मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. बेंगळुरूला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो आहे, तिथे असल्या मित्रकीटकांचं काम चालतं. मी मागवण्याआधी फक्त किड्याचं शास्त्रीय नाव विचारलं असतं तरी भागलं असतं. नंतर विचारलं, तर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे परत आलेले नाहीत.

पुढचे तीन आठवडे रोज सकाळी साबणाच्या पाण्याचा मग घेऊन भुंगेरे वेचले. हात लागला की ते मेल्याचं सोंग घेऊन टपकन खाली पडतात, म्हणून तो पाण्याचा मग आधीच खाली धरायचा. जास्वंदीवर मुंग्यांची रांग होती, ती आधी तोडली, कारण तो सोडतो त्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच पिठ्या ढेकणाची राखण करतात. मोकळ्या प्लॉटमधल्या रुईवर पिवळा मावा आणि त्यावर ढालकिडे असतात, त्यातले सहा काडेपेटीतून आणून चवळीवरच्या माव्यावर सोडले. चार उडून गेले. दोन राहिले, ते अजून आहेत.

मामेभावाने परवा फोटो पाठवला, एपिलॅक्नाने भरलेला डालड्याचा डबा. खाली लिहिलंय, "ताई, आजची तोडणी. सतरा रुपये नगाने लावू का?"