न हलणाऱ्या हातांची खुर्ची: वॉरंटी संपत आल्यावरचा अनुभव

जाळीची पाठ, कमरेला आधार, पाच चाकं. अशी खुर्ची सगळ्यांनी पाहिलेली आहे, म्हणून वर्णन करत नाही. साडेपाच हजार मोजले. मुलगी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सांगलीच्या विश्रामबागेत घरीच असते. रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप, आणि सकाळी मान वळत नाही. खुर्ची घेतली ती त्यासाठी.

गेल्या महिन्यात खुर्ची बसल्या बसल्या खाली जायला लागली. कंपनीला फोन केला, तर "मॅडम, हायड्रॉलिक वॉरंटीत येत नाही, झिजणारा पार्ट आहे." हायड्रॉलिक म्हणजे सीट वरखाली करणारा तिच्याखालचा दांडा. बिलावर एक वर्ष छापलंय, हायड्रॉलिक सोडून असं कुठेही लिहिलेलं नाही. फोटो पाठवले, मेल केले. उत्तर आलं ते अठराशे रुपयांचं, शिवाय माणूस येण्याचे वेगळे. शेवटी शंभर फुटी रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. "ताई, सील गेलंय, आतला गॅस गळतोय. माप सगळ्यांचं बहुतेक एकच असतं, कशाला कंपनीच्या मागं लागताय?" सातशे रुपयांत नवं बसलं आणि अजून ठणठणीत आहे.

पण माझा खरा राग हायड्रॉलिकवर नाही, हातांवर आहे. या खुर्चीचे हात वरखाली होत नाहीत. आमचं टेबल नेहमीसारखं 75 सेंटीमीटर उंच, खाली ड्रॉवर. हात ड्रॉवरला अडतात आणि खुर्ची आत सरकतच नाही. मग पोरगी सीटच्या कडेवर येऊन पुढे वाकते. ज्या कमरेच्या आधारासाठी पैसे भरले, त्याला तिची पाठ कधी टेकलीच नाही! जाहिरातीत हातांची उंची का देत नाहीत, हे मला अजून कळलेलं नाही.

मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मान तपासली आणि आधी लॅपटॉपबद्दल विचारलं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो, ते जितकं पुढे झुकेल तितका मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंवर ताण वाढतो. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकाला एक जोडलेले, त्यामुळे स्क्रीन डोळ्यांसमोर आणला की हात उचलावे लागतात आणि हात खाली ठेवले की मान वाकते. खुर्ची कितीही भारी असली तरी हे सुटत नाही. म्हणून लॅपटॉप जाड पुस्तकांवर ठेवला आणि पाचशेचा वेगळा कीबोर्ड आणला.

मग दुरुस्तीवाल्याकडून हातांचे बोल्ट काढून घेतले. काही खुर्च्यांची पाठ हातांवरच उभी असते, त्यांचे हात काढता येत नाहीत. आमचे निघाले. खुर्ची टेबलाखाली गेली आणि पाठ टेकली. कोपर टेबलाच्या पातळीला यावं म्हणून सीट वर घेतली, तर तिचे पाय लोंबायला लागले, कारण उंची जेमतेम पाच फूट. पायाखाली जुना जेवणाचा पाट ठेवलाय. अर्ध्या तासाने उठायचं, हे मात्र मला ओरडून सांगावं लागतं. आता मान आखडते ती सबमिशनच्या आठवड्यात, रोज नाही.

मी दोनच तारे देणार होते. हात काढल्यानंतरच्या खुर्चीला साडेतीन देते. सीट दबलेली नाही, उन्हाळ्यात जाळीने पाठ घामेजत नाही. हातांना शून्य. दुकानात जाण्याआधी ड्रॉवरच्या खालच्या कडेची उंची मोजून न्या आणि हात त्याखाली जातात का ते तिथेच बघा. हायड्रॉलिकच्या सातशे रुपयांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे मिळेपर्यंत ती मागे घेणार नाही.