जगात जर्मनी, भारतात परभणी आन् मधी सूर्याचे डाग

पाच इंची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, आहे माझ्याकडं, शनी गुरू बघून झाले, म्हणलं आता सूर्याचे फोटो काढू, म्हणून बाडर कंपनीची अ‍ॅस्ट्रोसोलर फिल्म, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर लावायचा सूर्याचा फिल्टर, मागवली, ए४ साईज, ५.० डेन्सिटीवाली. लाखातला एक हिस्सा उजेड आत येतो. ३.८ वाली बी मिळते पण ती फक्त फोटोसाठी, तिच्यातून डोळ्यानं बघायचं नाही, ऑर्डर टाकताना आकडा नीट बघा. माल जर्मनीचा, वापरणारा परभणीचा, अजून काय पाहिजे!

विकणाऱ्यानं मात्र घडी घालून पाठवली, लई डोकं फिरलं. ट्यूबलाईटसमोर धरून घडीवर छिद्र पडलंय का बघितलं, नशीब, नव्हतं. सुरकुत्यांचं टेन्शन घेऊ नका, उलट ढोलकीवानी ताणून बसवली की चित्र बिघडतं. पुठ्ठ्याची रिंग करून दुर्बिणीच्या तोंडावर बसवली आन् वरून चिकटपट्टी, कारण आमच्या गच्चीवर वारं सुटलं की गोधड्या शेजाऱ्याकडं जातात, आन् ही रिंग उडाली तर डोळाच गेला समजा. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या बारक्या दुर्बिणीला, झाकण लावा, नळीची सावली लहानात लहान झाली की सूर्य आलाच समोर. दुर्बिणीसोबत आयपीसला, म्हणजे डोळा लावतो त्या भिंगाला, लावायचा काळा फिल्टर आला होता तो फेकून दिला, तिथं उष्णता एकवटते, तडकतो तो.

घेतली तेव्हा नेमका २०२४ चा मे, एआर ३६६४ नावाचा डागांचा मोठा गट समोर, पंधरा पृथ्व्या शेजारी बसतील एवढा पसारा. मधी काळंभोर, भोवती राखाडी झालर, स्पष्ट दिसली. आबा आधी म्हणायलते "सूर्यात काय बघायचं, रोज डोक्यावरच हाय की", मग बराच वेळ डोळा काढंनात. म्हणले चंद्रावर डाग ऐकला होता, ह्याच्यावर बी? काळा दिसतो पण तो बी चार हजार केल्विनच्या आसपास तापलेला, बाजूचा भाग त्याहून लई गरम म्हणून काळा वाटतो.

फोटो मोबाईलनंच, त्याला आयपीसवर धरून ठेवणारा अडॅप्टर लावून. उन्हात स्क्रीन दिसत नाही, डोक्यावर टॉवेल घ्यायचा, अर्ध्या मिनटाचा व्हिडिओ आन् ऑटोस्टॅकर्टमधी टाकायचा, ते सॉफ्टवेअर चांगल्या फ्रेम निवडून एक फोटो बनवतं. सकाळी आठच्या आत उरका, नंतर स्लॅब तापला की सूर्याची कड उकळत्या पाण्यावानी हलते.

ज्वाळा दिसणार नाहीत हां, त्याला हायड्रोजन अल्फावाली, म्हणजे हायड्रोजनचा ठराविक लाल उजेडच आत घेणारी दुर्बीण लागते, तिची किंमत ऐकूनच घाम फुटतो. सूर्य बी पांढराच दिसतो, पिवळा पाहिजे तर मोबाईलात रंग द्या.

फिल्म अजून ठणठणीत. पुठ्ठा मात्र पावसात भिजला, रिंग नव्यानं करायलोय.