मांडी मोडलेला पेशंट: मॉर्फिन की केटामिन?

कॅज्युअल्टीत मांडीचं हाड मोडलेला पेशंट आला की हात सवयीने मॉर्फिन या वेदनाशामकाकडे जातो. बीपी १३०/८० आणि श्वास नीट असेल तर जाऊ द्या. शिरेतून किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, परिणाम ओळखीचा, आणि जास्त झालंच तर नॅलोक्सोन हा उतारा हाताशी. केटामिनला (भूल द्यायचं औषध, कमी मापात दुखण्यावर चालतं) असा उतारा नाही.

तोच पेशंट रक्त जाऊन गार पडला असेल, म्हणजे शॉकमध्ये (रक्ताभिसरण ढासळलेलं) असेल, तर मात्र माझं मत केटामिनला. मॉर्फिनने रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी आणखी पडतं, श्वास मंदावतो. केटामिन बहुधा नाडी-बीपी थोडं चढवतं आणि श्वास शाबूत ठेवतं. (बराच वेळ शॉकमध्ये राहून थकलेल्याचं बीपी त्यानेही पडू शकतं.) दुसऱ्या महायुद्धात गारठलेल्या जखमींना कातडीखाली मॉर्फिन टोचत. लागू पडेना म्हणून पुन्हा टोचत, आणि ऊब मिळून रक्ताभिसरण सुधारलं की सगळं एकदम भिनायचं.

अमेरिकन लष्कराने पुढे तीन पायऱ्या ठरवल्या. सोसवण्याजोगं दुखत असेल तर मेलॉक्सिकॅम आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या. जास्त दुखतंय पण शॉक नाही, तर गालात धरायची ८०० मायक्रोग्रॅम फेंटानिलची (मॉर्फिनच्याच जातीचं औषध) कांडी. शॉक किंवा श्वासाचा त्रास असेल तर केटामिन. ती कांडी चिकटपट्टीने जखमीच्या बोटाला बांधत: गुंगी आली की हात खाली पडायचा आणि कांडी तोंडातून आपोआप निघायची. साधी युक्ती, पण मला फार आवडते.

दुखणं कमी करण्यात मॉर्फिन आणि केटामिन या दोघांत फारसा फरक नाही. ब्रुकलिनमध्ये ९० पेशंटवर झालेल्या, २०१५ साली छापून आलेल्या चाचणीत अर्ध्या तासाने दोन्ही गट जवळपास सारखेच होते. सुरुवातीची भोवळ मात्र केटामिनवाल्यांना जास्त.

चूक होते ती केटामिनच्या मापात. दुखण्यासाठी किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची कुपी असेल तर हे जेमतेम ०.३६ मिलि भरतं. हात जरा सैल सुटला की भूल द्यायच्या डोसकडे वाटचाल. १०० मिलि सलाईनमध्ये घालून १५ मिनिटांत सोडा. भ्रमल्यासारखं वाटणंही कमी होतं.

डोक्याला मार म्हणजे केटामिन बंद, हा जुना नियम आता टिकलेला नाही. स्किझोफ्रेनियाच्या पेशंटला मात्र मी देणार नाही. बाकीच्यांना सुई लावण्याआधीच सांगते, "काका, जरा तरंगल्यासारखं वाटेल. मी इथेच उभी आहे."