बेबी बॅक की सेंट लुईस? कोळशावरच्या पहिल्या रिब्ससाठी काय घ्यावं

रिब्स म्हणजे डुकराच्या बरगड्या. त्या घ्यायला गेलं की दुकानातल्या फ्रिजसमोर पहिला घोळ होतो. एका पाकिटावर 'बेबी बॅक', दुसऱ्यावर 'सेंट लुईस'. बेबी बॅक महाग आणि नावही गोंडस, म्हणजे तेच चांगलं असणार. मीही तेच उचललं होतं. न्यू जर्सीतला आमचा पहिला उन्हाळा, २२ इंची गोल केटल ग्रिल (घुमटासारख्या झाकणाची कोळशाची शेगडी) नुकतीच आणलेली, आणि संध्याकाळी सहाला आठ माणसं जेवायला. सगळीकडे निखारे पसरले, वर रिब्स ठेवल्या, पहिल्याच मिनिटाला बाटलीतला सॉस फासला. चरबी ठिबकून भडका उडाला, सॉसमधली साखर करपली. वरून काळं, आतून रबर. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "चव छान आहे, जरा चावावं लागतंय."

त्यानंतर बरीच पाकिटं आणली. आता कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या खेपेला सेंट लुईस.

बेबी बॅकमधलं 'बेबी' पिल्लाचं नव्हे. डुक्कर तेच, फक्त कण्यालगतच्या बरगड्या, आखूड आणि बाकदार. एका पट्ट्यात साधारण १० ते १३ हाडं, वजन पाऊण ते एक किलो, म्हणजे दोघांचं जेवण. मांस चांगलं असतं, पण चरबी कमी. स्पेअर रिब्स म्हणजे त्याच बरगड्यांचा पोटाकडचा भाग: लांब, चपटा, चरबीच्या रेघा असलेला. त्याच्या कडेचा कुर्च्यांचा भाग कापून पट्टा चौकोनी केला की तो सेंट लुईस कट. तो सव्वा किलोच्या आसपास भरतो, आणि किलोमागे सहसा स्वस्तही पडतो.

स्वस्त आहे म्हणून मी तो सुचवत नाही. पहिल्यांदा विस्तव कुणाच्याच हातात राहत नाही. मध्येच आच चढते, मग आपण घाबरून ग्रिलची हवेची झडप बंद करतो, मग कोळसा विझायला येतो. या धरसोडीत बेबी बॅक कोरडं पडतं. सेंट लुईसची चरबी अशा चुका पोटात घालते. शिवाय पट्टा चपटा असल्याने सगळीकडे सारखा शिजतो; बेबी बॅकची कमान मध्ये उंच आणि टोकांना खाली, त्यामुळे टोकं आधी वाळतात. सेंट लुईसची अडचण एकच, वेळ. बेबी बॅक चार-पाच तासांत होतं, याला पाच-सहा लागतात. घरी दोघंच असाल आणि हातात फक्त दुपार असेल तर बेबी बॅक घ्या, माझी हरकत नाही.

खरी निवड मात्र पाकिटापेक्षा विस्तवाची. केटल ग्रिलमध्ये दोन रीती चालतात. पहिली, निखारे एका बाजूला आणि रिब्स दुसऱ्या बाजूला, मध्ये पाण्याचा ट्रे. सोपी आहे, पण दर तासाभराने कोळसा घालावा लागतो आणि दर वेळी आच वरखाली होते. दुसरी 'साप'. ग्रिलच्या भिंतीलगत ब्रिकेट्सच्या (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांच्या) दोन ओळी, त्यावर आणखी दोन, असा अर्ध्याहून थोडा जास्त गोल रचायचा. वर हिकरी किंवा सफरचंदाच्या लाकडाचे तीन-चार तुकडे ठेवायचे. आठ-दहा ब्रिकेट्स वेगळ्या पेटवायच्या आणि पांढरी राख धरली की सापाच्या एका टोकाला टेकवायच्या. मग तो डास पळवायच्या कॉइलसारखा शिस्तीत एका टोकाकडून दुसऱ्याकडे जळत जातो, सहा तास सहज. रचायला वीस मिनिटं जातात, पण पुढचा दिवस तुमचा. पहिल्यांदा करणाऱ्याने सापच करावा. अट एकच: एकसारख्या आकाराच्या ब्रिकेट्स हव्यात. ओबडधोबड लाकडी कोळशाचा साप मध्येच तुटतो.

आच हवी २२५ ते २५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १०७ ते १२० सेल्सिअस. खालची झडप जेमतेम उघडी, वरची उघडी आणि मांसाच्या डोक्यावर, म्हणजे धूर रिब्सवरून फिरून बाहेर पडतो. झडप हलवली की परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ हात मागे बांधून बसा. झाकणावरच्या काट्यावर भरवसा नको, तो घुमटातली हवा मोजतो. जाळीवर ठेवायचा थर्मामीटर आणा. आणि मोदक उकडताना झाकण उघडत नाही, तसं इथेही उघडू नका. उघडलंत की आतली ऊब जाते, हवा शिरते आणि निखारे फुलतात. १९५२ मध्ये शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या अर्धगोलातून ही ग्रिल घडवली, त्यात खरी युक्ती झाकणाचीच होती.

धुराचा रंगही बघा. सुरुवातीचा दाट पांढरा धूर ओल्या लाकडाच्या चुलीसारखा असतो, त्यात मांस ठेवलं तर कडवट होतं. तो विरळ, निळसर झाला की रिब्स ठेवायच्या.

ठेवण्याआधी मागचा पापुद्रा. दोन्ही कटांना असतो, काही दुकानांत आधीच काढलेला मिळतो. हाडाच्या टोकाशी बोथट सुरीने उचकटा, सुटलेलं टोक कागदी रुमालात धरा (नुसत्या बोटांतून निसटतं) आणि ओढा. नशीब असेल तर अख्खा एका ओढीत येतो. राहिला तर मीठ-मसाला आत जात नाही आणि खाताना प्लॅस्टिक चावल्यासारखं लागतं.

फॉइलमध्ये गुंडाळायच्या की नाही, यावर लोक भांडतात. '३-२-१' नावाची रीत प्रसिद्ध आहे: तीन तास उघड्या, दोन तास फॉइलमध्ये, एक तास पुन्हा उघड्या. ती स्पेअर रिब्ससाठीची. बेबी बॅकवर तशीच लावली तर लगदा होतो. सेंट लुईसलाही फॉइलमध्ये तासभर पुरे, असं माझं मत. न गुंडाळता वरचं साल खमंग होतं, पण वेळ लांबतो. पाहुण्यांना अमुक वाजता बोलावलं असेल तर गुंडाळा, घरचीच माणसं असतील तर नको. हाड ओढताच मांस गळून पडावं, ही हौस सोडा. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत ते जास्त शिजलेलं धरतात. चावल्यावर दातांची खूण राहायला हवी.

झालं हे कसं कळणार? डुकराचं मांस १४५ फॅरनहाइटला, म्हणजे ६३ सेल्सिअसला खायला सुरक्षित होतं, पण तेव्हा रिब्स रबर असतात. आतलं चिवट कोलॅजन विरघळायला १९५ ते २०३ फॅरनहाइट गाठावं लागतं. हाडांमध्ये थर्मामीटर नीट बसत नाही, म्हणून चिमट्याने पट्टा एका टोकापासून एक तृतीयांश अंतरावर धरून उचला. दुसरं टोक लवून खाली आलं आणि वरच्या सालीला भेग पडली की झालं. सॉस शेवटच्या अर्ध्या तासात, त्याआधी नाही.

सासूबाईंचा तिसरा पर्याय होता: आधी कुकरला दोन शिट्ट्या, मग निखाऱ्यावर दहा मिनिटं. मऊ होतात, खोटं कशाला बोलू. पण निम्मी चव पाण्यात उतरते आणि धूर फक्त कातडीला लागतो. पाऊस आला तर तेवढाच उपाय.

मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात करणार असाल तर खाटकाला आधीच सांगा, पट्टा अख्खा हवा. नाहीतर तो सवयीने रश्श्याचे तुकडे करून देईल. कोळसाही बहुधा ओबडधोबडच मिळेल, तेव्हा साप विसरा आणि निखारे एका बाजूला ठेवा.

आणि अख्ख्या स्पेअर रिब्स आणून घरी सेंट लुईस कापलंत, तर कडेचे कुर्चीवाले तुकडे टाकू नका. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी त्यांचं विंदालू होतं. ते मात्र कुकरलाच लागतं, सासूबाईंच्या हातून.