ड्रॅगनचं अंडं विकायचं कसं: हर्रास, लिफाफा की ईश्वरचिठ्ठी?

दोन हिवाळ्यांपूर्वी माइनक्राफ्ट या खेळाच्या आमच्या सर्व्हरवर, म्हणजे जिथं आम्ही सगळे ऑनलाइन एकत्र खेळतो तिथं, मी एक एलिट्रा, म्हणजे उडायचे पंख, विकायला काढले. खेळातले ६० हिरे ही ठरलेली किंमत, रात्री १० वाजता विक्री सुरू, पहिला येईल त्याचे. मिनिटभरही लागलं नाही. पंख गेले शहरात फायबरचं नेट असलेल्या एका पोराकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरकवड्याकडच्या एका पोराचा मेसेज आला: "भाऊ, रातची लाइन होती, मी हरभऱ्याले ओलित करून रायलो होतो. माह्याकडं ८० हिरे होते. मले एक डाव विचारलं काऊन नाई?" तीन महिने खाणीत खपून त्यानं ते हिरे जमवले होते. मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून विकायच्या जवळजवळ सगळ्या पद्धती आम्ही करून पाहिल्या. तुम्ही सर्व्हर चालवत असाल किंवा क्लॅनचा, म्हणजे खेळाडूंच्या गटाचा, खजिना तुमच्या हातात असेल आणि दुर्मीळ वस्तू कशी विकावी असा प्रश्न पडला असेल, तर आमचा अनुभव कामी येईल. प्रत्येक पद्धत मी एकाच कसोटीवर तपासली आहे: ज्याच्या गावात लाइन जाते, ज्याला रात्री मोटर सुरू करायला शेतात जावं लागतं, त्याला या विक्रीत इतरांइतकीच संधी आहे का?

आधी वस्तू ओळखा, कारण सगळ्या दुर्मीळ वस्तू सारख्या नसतात. ड्रॅगनचं अंडं एका जगात एकच मिळतं. पहिला ड्रॅगन मारल्यावर ते येतं. नंतर ड्रॅगन कितीही वेळा मारा, दुसरं येत नाही. एलिट्रा एंड नावाच्या ड्रॅगनच्या प्रदेशातल्या प्रत्येक जहाजात एक असतो, म्हणजे लांब जायची तयारी असेल तर आणखी सापडतो. मंतरलेलं सोनेरी सफरचंद २०१६ च्या १.९ आवृत्तीपासून बनवता येत नाही, पेट्यांमध्ये शोधावं लागतं. एकुलत्या एका वस्तूची विक्री आणि चार-पाच नगांची विक्री यांचे नियम वेगळे हवेत, हे मला उशिरा कळलं.

'पहिला आला त्याचं' ही पद्धत चालवायला सगळ्यात सोपी आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. यात वस्तू ज्याला हवी त्याला मिळत नाही, ज्याचं नेट पळतं त्याला मिळते. कापूस खरेदी केंद्रापुढे थंडीत रात्रभर ट्रॅक्टर लावून बसलेली माणसं ज्यानं पाहिली, त्याला हे वेगळं सांगायला नको. मोठ्या कंपन्याही यात अडकल्या. फायनल फँटसी १४ या ऑनलाइन खेळात घरांचे प्लॉट असेच विकले जायचे. रिकामा झालेला प्लॉट नेमका कधी विक्रीला उघडेल हे कळत नसे, म्हणून लोक पाटीसमोर तासन्‌तास क्लिक करत उभे राहायचे. शेवटी एप्रिल २०२२ च्या ६.१ अपडेटमध्ये त्यांनी सोडत आणली.

मग आम्ही हर्रासाकडे वळलो. बाजार समितीत वाढलेल्या आमच्या पोट्ट्यांना तो लगेच समजला, आणि त्याचा गुणही खरा आहे: बोली सगळ्यांसमोर होते, भाव कसा चढला ते दिसतं, चालवणाऱ्यावर आंधळा विश्वास टाकावा लागत नाही. वस्तूची किंमत कुणालाच ठाऊक नसेल तर पहिली विक्री हर्रासानं केलेली चांगली, कारण निदान अंदाज तरी येतो.

अडचण शेवटच्या मिनिटाची. वेळ ठरलेली असली की दोघं-तिघं गप्प बसतात आणि दोन सेकंद उरले असताना बोली टाकतात. ज्याच्या मोबाइलला एकच काडी रेंज आहे, त्याची बोली पोहोचेपर्यंत हर्रास संपलेला असतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळाच्या लिलावघरात म्हणूनच नेमकी वेळ दाखवायचे नाहीत. 'थोडा', 'मध्यम', 'बराच' एवढंच कळायचं. आम्ही वेगळा उपाय केला. शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की हर्रास आणखी पाच मिनिटं वाढायचा. झडप घालणारे थांबले, पण ओलिताला गेलेला पोरगा तर तेव्हाही स्क्रीनसमोर नव्हता. शिवाय ईर्षा चढते. यात्रेत नारळाची बोली जशी नारळासाठी राहत नाही, तसं आमच्याकडे एकदा एका सफरचंदाचं झालं. जिंकलेल्या पोराचे सगळे हिरे गेले आणि पुढचे पंधरा दिवस तो खेळायलाच आला नाही. तुमच्या प्लगइनमध्ये, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या जादा प्रोग्रॅममध्ये, 'माझी कमाल बोली ही, तिथपर्यंत तूच वाढवत जा' अशी सोय असेल तर हर्रासाचे निम्मे दोष जातात. ती असेल तर जरूर वापरा.

आता बंद लिफाफा. आम्ही सध्या यावर आहोत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सात दिवस मुदत. ज्याला हवं त्यानं सात दिवसांत कधीही आपली रक्कम लिहून द्यायची. लाइन दोन दिवस गेली तरी पाच दिवस उरतात. ग्रामपंचायत आठवडी बाजाराची वसुली किंवा तलावाची मासेमारी द्यायला निविदा मागवते तसंच. पण निविदेत जो सर्वांत जास्त लिहितो त्याला ती पूर्ण रक्कम भरावी लागते, आणि त्यामुळे प्रत्येक जण मनातला आकडा दाबून लिहितो. आमच्या पहिल्या लिफाफ्यात एकानं ७०० हिऱ्यांची तयारी असताना ५०० लिहिले आणि ५२० वाल्यानं अंडं नेलं. हरलेला हळहळला, आणि जिंकलेला नंतर म्हणाला की ५०१ लिहिले असते तरी चाललं असतं. दोघंही नाराज.

यावर उतारा विल्यम विकरे या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये मांडला होता. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सर्वांत मोठा आकडा लिहिणारा जिंकतो, पण रक्कम भरतो दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याएवढी. बोली ९००, ६४० आणि ६०० आल्या तर ९०० वाला जिंकतो आणि ६४० हिरे देतो. आता आकडा दाबून काही फायदा नाही, कारण तुम्ही किती भरणार ते तुमचा आकडा ठरवतच नाही; तो फक्त तुम्ही जिंकता की नाही एवढंच ठरवतो. फुगवला तर नको त्या भावात वस्तू गळ्यात पडायची भीती. म्हणून वस्तू तुम्हाला जेवढ्याची वाटते तेवढंच लिहायचं आणि निवांत ओलिताला जायचं. एकापेक्षा जास्त नग असतील तरी हेच चालतं. समजा एलिट्रा तीन आहेत, माणशी एकच द्यायचा आहे आणि बोली ७०, ५५, ४०, ३८, २० आल्या. पहिले तिघं जिंकतात आणि तिघंही ३८ च भरतात. एकानं जास्त दिले, दुसऱ्यानं कमी, ही कुरबुरच राहत नाही.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बगीचा उक्ता घेणाऱ्या व्यापाऱ्याला एक धोका माहीत असतो: झाडावरचा माल ज्यानं सर्वांत जास्त धरला त्यालाच बगीचा मिळतो, आणि बहुधा त्याचाच अंदाज चुकलेला असतो. पुढे विकण्यासाठी वस्तू घेणाऱ्या खेळाडूचंही तसंच होतं. दुसऱ्या क्रमांकाची किंमत हा फटका बराच कमी करते, पुसून टाकत नाही.

या पद्धतीचा खरा कच्चा दुवा म्हणजे चालवणारा. मी स्वतःच ८९० ची खोटी बोली घुसवली तर ९०० वाल्याकडून २५० हिरे जास्त उकळू शकतो आणि कुणाला पत्ता लागणार नाही. ही शंका एकानं मला तोंडावर विचारली, आणि बरं झालं विचारली. आता बोली चॅटवर येत नाहीत. प्रत्येक जण खेळातल्या वहीत आकडा लिहून वहीवर सही करतो. सही झाली की मजकूर बदलत नाही आणि लिहिणाऱ्याचं नाव वहीवर राहतं. वही हॉपरमध्ये, म्हणजे खेळातल्या नरसाळ्यात, टाकली की खालच्या बंद पेटीत जाते. रविवारी सगळ्यांसमोर पेटी उघडतो, प्रत्येक वही मोठ्यानं वाचतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. ज्यानं वस्तू विकायला दिली तो पेटीपाशी फिरकत नाही, आणि मी सर्व्हरचा मालक म्हणून स्वतः बोली लावत नाही.

लिफाफा एक गोष्ट करू शकत नाही. ज्याच्याकडे हिरे जास्त, तोच जिंकतो. आणि हिरे जास्त कुणाकडे? ज्याचा संगणक रात्रंदिवस सुरू राहू शकतो त्याच्याकडे. म्हणून ज्या वस्तूनं खेळणंच बदलतं, जसा एलिट्रा, त्यातला निम्मा वाटा आम्ही ईश्वरचिठ्ठीनं देतो. सगळ्यांना परवडेल अशी किंमत, आधी अनामत, नाव न निघाल्यास अनामत परत. चिठ्ठीची भिशी आणि बोलीची भिशी या दोन्ही गावात चालतात. गरजेची माणसं चिठ्ठीच्या भिशीत जास्त दिसतात. धोका दोन ठिकाणी आहे. एकच माणूस चार आयडी काढून चार चिठ्ठ्या टाकतो, म्हणून किमान ३० तास खेळलेल्यालाच चिठ्ठी. आणि जिंकलेला दुसऱ्या दिवशी दुप्पट भावात विकतो, म्हणून महिनाभर विक्री बंद. हे दोन नियम सांभाळायची तयारी नसेल तर सोडतीच्या नादी लागू नका.

उतरत्या भावाचा लिलावही असतो, नेदरलँड्समधल्या आल्समेरच्या फुलबाजारासारखा: भाव खाली येत जातो, पहिला 'घेतो' म्हणेल त्याला माल. सेकंदांचा खेळ असल्यानं आमच्याकडे तो बसत नाही. रोज सकाळी भाव एकदाच उतरवला तर चालेल.

तुमचा गट लहान असेल आणि वस्तू सगळ्यांनी मिळून जिंकलेली असेल तर गुणांची पद्धत पाहा. एव्हरक्वेस्ट या खेळातल्या एका गिल्डनं, म्हणजे गटानं, १९९९ मध्ये ती सुरू केली: मोहिमेला आलात की गुण, वस्तू घेतली की गुण खर्च. वाटणीसाठी उत्तम, पण हजेरीवर गुण देताना पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत न येणाऱ्याचे गुण कापू नका.

"५०० यूपीआय करतो, अंडं मले देऊन टाक" असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. खेळात वरचढ करणारी वस्तू सर्व्हरवाल्यानं खऱ्या पैशानं विकू नये, हा माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांग कंपनीचा २०१४ पासूनचा नियम आहे. डायब्लो ३ या खेळात तर कंपनीनं स्वतःच २०१२ साली खऱ्या पैशाचं लिलावघर उघडलं आणि १८ मार्च २०१४ ला बंद केलं, कारण राक्षस मारून वस्तू मिळवायचा मूळ खेळच बाजूला पडत होता. पैसे घेऊन नशिबाची पेटी उघडायला लावणं तर त्याहून वाईट. बेल्जियमनं २०१८ मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना त्या वाटेला लावू नका.

माझं मत विचाराल तर अंड्यासारखी एकच वस्तू असेल तर सात दिवसांचा लिफाफा आणि दुसऱ्या क्रमांकाची किंमत. एलिट्रासारखे चार-सहा नग असतील तर अर्धे लिफाफ्यानं, अर्धे चिठ्ठीनं. भाव अजिबात माहीत नसेल तर एक नग हर्रासात काढून पाहा, तोही रविवारी दुपारी. आणि लिफाफ्यातले वरचे दोन आकडे अगदी सारखे निघाले, आमच्याकडे एकदा ३०० आणि ३०० निघाले होते, तर परत बोली लावायला सांगू नका. दोन चिठ्ठ्या करा आणि ग्रुपमधल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलायला सांगा.