डाळीच्या फोडणीला जंबू की हिंग?

जंबू म्हणजे हिमालयातला रानकांदा, उत्तराखंडात आणि नेपाळच्या मुस्तांगकडे दगडधोंड्यांच्या उतारांवर उगवतो. खायची ती त्याची पात आणि फुलं, कांदा नाही, तीच वाळवून ठेवतात आणि तुपात तडतडवून काळ्या उडदाच्या डाळीवर ओततात, वास असा सुटतो की कांदा, लसूण आणि थोडा हिंग एकत्र परतल्यासारखं वाटतं.

हिंग मात्र कांद्याच्या कुळातला नाहीच, तो एका वनस्पतीच्या मुळाचा वाळलेला चीक, आणि आपल्याकडे डबीत मिळतो त्यात बहुतेक वेळा मैदा नाहीतर तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून ग्लुटेन चालत नसेल तर लेबल वाचाच. जंबूत ही भानगड नाही, नुसती वाळलेली पात असते.

पण चातुर्मासात कांदा-लसूण बंद असेल तर जंबू बाद, कारण शेवटी तो कांदाच ना, तिथे हिंगच हवा.

करताना फरक एवढाच की जंबू फार पटकन करपतो, तूप तापलं की गॅस बंद करून मगच चिमूटभर टाका.

आमटीला, वरणाला मी हिंगच घालीन, चिंचगुळासोबत जंबू मला नाही आवडत. अख्ख्या उडदाला आणि बटाट्याला मात्र जंबूच! फक्त घ्याल तो लागवडीचा बघून घ्या, रानातून ओरबाडल्यामुळे तो कमी होत चाललाय.